पहिले पाढे पंचावन्न: सीक्वेलमधलं पात्र नेमकं कुठे विसरतं?

'मास इफेक्ट' या व्हिडिओ गेमच्या पहिल्या भागात (२००७) कॉनरॅड व्हर्नर नावाचा एक भाबडा चाहता भेटतो. त्याला गोडीगुलाबीने समजावून घरी पाठवता येतं, नाहीतर तोंडासमोर पिस्तूल धरून हुसकावता येतं. दुसऱ्या भागात (२०१०) तो पुन्हा समोर येतो आणि कुरकुरतो, की तेव्हा माझ्या तोंडासमोर पिस्तूल धरलं होतं. तुम्ही त्याच्याशी कितीही प्रेमाने वागलेले असा, तक्रार तीच. पहिल्या भागाची सेव्ह फाइल (खेळाडूच्या निवडी साठवणारी) आणताना एक फ्लॅग, म्हणजे एका निवडीची नोंद, चुकीची वाचली जात होती, बाकी काही नाही. तिसऱ्या भागात (२०१२) बायोवेअरच्या लेखकांनी ही चूक कॉनरॅडच्याच तोंडी घातली. तेव्हा मी फार ताणात होतो, नसता आळ घेतला, माफ करा, असं तो म्हणतो. बगचा स्वभाव झाला, आणि एक विनोदी पात्र पूर्वीपेक्षा जास्त माणसासारखं वाटायला लागलं.

सीक्वेल लिहिणं म्हणजे बरंचसं हेच काम आहे: कोणाला काय आठवतंय याचा हिशेब. कादंबरीच्या दुसऱ्या खंडात पात्राची आठवण सांभाळली की भागतं. गेममध्ये सेव्ह फाइलचीही एक आठवण असते, आणि तिसरी असते खेळाडूच्या हातांची. कोणतं बटण दाबलं की काय होतं, हे बोटांना वर्षानुवर्षं लक्षात राहतं. यातल्या एका आठवणीने दुसरीला खोटं पाडलं की खेळाडू म्हणतो, "हा तो नाहीच." अशा वेळी पटकथा कितीही चांगली असली तरी उपयोग नसतो.

(पुढे 'मास इफेक्ट', 'गॉड ऑफ वॉर', 'द लास्ट ऑफ अस', 'वॉकिंग डेड', 'विचर', 'जेडाय' आणि 'रेड डेड' या सगळ्यांची रहस्यं फोडलेली आहेत. खेळायचं राहिलं असेल तर इथूनच परत फिरा.)

आधी हातांचं बघू, कारण लेखनावर बोलणारे सगळ्यात कमी बोलतात ते याच्यावर. ॲक्शन गेमच्या शेवटी नायकाकडे झाडून सगळ्या शक्ती असतात. सीक्वेलला मात्र नवी शिडी हवी असते, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी आदळतं, आपटतं, स्फोट होतो आणि नायक कफल्लक. 'मेट्रॉइड प्राइम'मध्ये (२००२) ऑर्फियॉन या यानावरून निसटताना नायिका सॅमसच्या सूटची यंत्रणा अशीच बिघडते. तिथे ते खपतं, कारण हरवलेलं एकेक परत मिळवणं हाच त्या मालिकेचा प्राण आहे आणि सॅमस फारसं बोलतही नाही. पण जिथे शक्ती मिळणं आणि माणूस म्हणून सावरणं एकत्र विणलेलं असतं, तिथे शक्ती काढून घेतली की सावरणंही पुसलं जातं.

'स्टार वॉर्स'च्या जगातल्या 'जेडाय: फॉलन ऑर्डर'मध्ये (२०१९) हे विणकाम स्पष्ट दिसतं. कॅल केस्टिसने लहानपणी आपल्या गुरूचा मृत्यू डोळ्यांसमोर पाहिला आणि फोर्स या गूढ शक्तीशी असलेलं नातं स्वतःच बंद करून टाकलं. गेममध्ये त्याला जुन्या शक्ती परत मिळतात त्या गुरूसोबतच्या प्रशिक्षणाच्या आठवणींमधून. म्हणजे ढकलणं, ओढणं, भिंतीवरून धावणं ही नुसती कौशल्यं नाहीत, त्या भरलेल्या जखमा आहेत. 'सर्व्हायव्हर'मध्ये (२०२३) त्या काढून घेतल्या असत्या तर जखमा परत उघडल्या असं सांगावं लागलं असतं. रिस्पॉन या स्टुडिओने ते टाळलं. दुहेरी उडी, ढकलणं, ओढणं सगळं पहिल्यापासून हातात आहे. वाढ आडवी केली आहे: लाइटसेबर धरण्याच्या पाच पद्धती, आणि एका वेळी त्यातल्या दोनच जवळ ठेवायच्या. उंची न वाढवता पसारा वाढवायचा, हा सीक्वेलमधल्या स्किल ट्रीचा, म्हणजे कौशल्यांच्या वाढत्या तक्त्याचा, सगळ्यात कमी खोटा मार्ग आहे. आणि जवळच्या माणसाने दगा दिल्यावर कॅलच्या हाती एक काळोखी ताकद येते, तिचं बटण खेळाडूच्याच हाताखाली असतं. कॅल किती घसरला हे कटसीनपेक्षा (नुसत्या बघायच्या प्रसंगापेक्षा) तिथे नीट कळतं.

'गॉड ऑफ वॉर'ने हातांचा याहून धूर्त वापर केला आहे. २००५ ते २०१० मधल्या तीन मुख्य भागांत क्रेटोसच्या मनगटांना साखळ्यांनी बांधलेली पाती, म्हणजे ब्लेड्स ऑफ केऑस आणि त्यांची भावंडं, हीच त्याची ओळख होती. २०१८ च्या गेममध्ये पडदा उघडतो तेव्हा हातात कुऱ्हाड आहे आणि तो बायकोच्या चितेसाठी झाड तोडतो आहे. कुऱ्हाड फेकायची, बटण दाबून परत बोलवायची, ती तळव्यावर धप्पकन येऊन बसते. हातांना नवी सवय लागायला कित्येक तास दिले आहेत. मग मुलगा अट्रेयस आजारी पडतो, औषधासाठी हेलहाइमला जावं लागतं, आणि तिथल्या प्राण्यांवर कुऱ्हाडीतलं हिम चालत नाही. क्रेटोस घरी येतो, जमिनीखालून कापडात गुंडाळलेली पाती काढतो. पुढच्याच झटापटीत जुन्या खेळाडूचं बोट आपोआप जुन्या लयीत जातं. क्रेटोसला ज्या भूतकाळाची लाज वाटते तो खेळाडूच्या अंगठ्यात शाबूत असतो, आणि तो परत आल्यावर आपल्याला आनंद होतो. त्याला लाज, आपल्याला आनंद. त्या प्रसंगाचं सगळं वजन या विसंगतीत आहे, आणि ते संवादाने पेलता आलं नसतं.

इथून घेण्यासारखी बारीक गोष्ट अशी. शस्त्र बदललं त्याला पात्रातून आलेलं कारण आहे आणि जुनं शस्त्र परत आलं त्यालाही कारण आहे. फक्त पहिलं कारण लिहिलं असतं तर पाती म्हणजे शेवटच्या लढाईची भेटवस्तू झाली असती, चाहत्यांच्या टाळ्यांपुरती.

आता देणं. पहिल्या भागाच्या शेवटी पात्राच्या डोक्यावर जे कर्ज उरतं त्यावर सीक्वेल चालतो. २०१८ मध्ये क्रेटोस बाल्डरला मारतो, आणि ते बाल्डरच्या आईला, फ्रेयाला, वाचवण्यासाठी. तिला मात्र हा उपकार नको असतो. ती शाप देऊन निघून जाते. 'राग्नारॉक' (२०२२) सुरू झाल्यावर थोड्याच वेळात तीच फ्रेया बर्फातून घसरगाडीवर झडप घालते. 'मध्यंतरी काय झालं' सांगणारा निवेदक लागत नाही, हल्ला हाच सारांश. पुढे वानाहाइममध्ये ओडिनने तिच्यावर घातलेलं बंधन सुटतं आणि ती क्रेटोसच्या बाजूने लढायला लागते, तेव्हा तिच्या बाणांचं बटण अट्रेयसच्याच बाणांचं असतं. बोट मुलाला हाक मारतं आणि त्या जागी, क्रेटोसच्याच हाताने मूल गमावलेली आई उत्तर देते. हे ठरवून केलं की फक्त कंट्रोलरवर जागा नव्हती म्हणून, मला फरक पडत नाही. काम झालं.

२०१८ च्या शेवटी योटुनहाइममधल्या भिंतीवर क्रेटोस स्वतःचा मृत्यू रेखाटलेला पाहतो आणि मुलाला सांगत नाही. हे चार वर्षं भिजत पडलेलं घोंगडं. यात दोन प्रश्न आहेत: तो मरणार का, आणि तो मुलाला सांगणार का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका कटसीनमध्ये संपतं. दुसरा वीस-तीस तास पुरतो, कारण त्याचं उत्तर रोजच्या वागण्यात द्यावं लागतं, आणि 'राग्नारॉक'मध्ये बापलेक दोघंही एकमेकांपासून काहीतरी लपवत हिंडतात. पहिल्या भागाच्या शेवटी धागा सोडायचा असेल तर दुसऱ्या जातीचा सोडावा. कोण मेलं, कोण परत आलं, आकाशात कसलं जहाज दिसलं, असले धागे पुढच्या लेखकाच्या गळ्यात लोढणं होतात.

'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' (२०२०) हा या बाबतीत सगळ्यात कडक हिशेब. पहिल्या भागात (२०१३) जोएलने एलीला वाचवण्यासाठी इस्पितळातले डॉक्टर मारले. त्यातल्या शल्यविशारदाला नाव नव्हतं, तो वाटेतला एक अडथळा होता. दुसऱ्या भागाने त्याला मुलगी दिली. जुन्या घटनेत काडीचाही बदल न करता तिचा अर्थ उलटवणं यालाच मी खरं सीक्वेल-लेखन म्हणतो. नवा खलनायक आणायला अक्कल लागत नाही. जुन्या कटसीनमधला नावाशिवायचा माणूस शोधायला लागते.

या मुलीबद्दल, ॲबीबद्दल, एवढं रण माजलं, पण तिच्या हातांबद्दल कोणी फारसं बोललं नाही. एलीकडे कायमचा चाकू आहे, त्यामुळे क्लिकर या आंधळ्या राक्षसाला मागून गाठून मारायला तिला काही खर्च येत नाही. ॲबीला त्यासाठी सुरा बनवावा लागतो, तो वापरला की मोडतो. पहिल्या भागात जोएललाही असाच मोडणारा सुरा लागायचा. ॲबी धिप्पाड आहे, ठोसे मारून लढते. म्हणजे जिचा आपण तिरस्कार करायचा तीच हातांना जोएलसारखी लागते, आणि आपण जिच्यासाठी रडतो ती एली वेगळी. ॲबीला उंचीची भीती आहे, तीही संवादात सांगून थांबत नाहीत. उंच पुलावरून खाली पाहिलं की चित्रच तोल गेल्यासारखं होतं.

रचना मात्र महागात पडली असं माझं मत आहे. सिॲटलमधले एलीचे तीन दिवस संपतात, नाट्यगृहात दोघी समोरासमोर येतात, आणि त्या टोकावरून गेम मागे फिरून ॲबीचे तेच तीन दिवस पहिल्यापासून सुरू करतो. शस्त्रं नवी, सुधारणा शून्यावर, ओळखी नव्या. कथेचा ताण शिगेला आणि हातांचा ताण तळाला. अनेक खेळाडू ॲबीवर चिडले त्यात तिच्या हातून झालेल्या जोएलच्या मृत्यूइतकाच या उताराचाही वाटा असावा. मग दिवस आलटून-पालटून का दाखवले नाहीत? पटकथेत ते सोपं वाटतं. पण बंदुकीच्या गोळ्या, सुटे भाग, औषधाच्या गोळ्या यांचे दोन वेगळे साठे सांभाळत दर दोन तासांनी खेळाडूला पात्र बदलायला लावलं तर कुठलंच शस्त्र हातात रुळत नाही. कथेला सोयीचं ते हातांना गैरसोयीचं, असा पेच असला की एका बाजूला तोटा सोसावाच लागतो. नॉटी डॉग या स्टुडिओने कथेची बाजू धरली.

त्याच गेममधली गिटार आठवा. जोएलने शिकवलेली गिटार खेळाडू कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट फिरवून खरंच वाजवतो, मधूनमधून, अनेकदा. शेवटी एलीच्या डाव्या हाताची दोन बोटं गेलेली असतात. ती गिटार उचलते, आपण तेच बोट तसंच फिरवतो, आणि सूर तुटके येतात. तिने सूडापायी काय घालवलं हे कोणालाही बोलावं लागत नाही.

सेव्ह फाइलची आठवण हा वेगळाच धंदा आहे, अर्धा लेखनाचा आणि अर्धा गणिताचा. हो-नाही अशा दहा निवडी पुढच्या भागात न्यायच्या म्हटल्या तर १,०२४ जग तयार होतात. 'मास इफेक्ट २'च्या शेवटच्या मोहिमेत, डाउनलोड करून मिळणारे दोघे धरून, बारा साथीदार असतात आणि त्यातला कोणीही मरू शकतो. कागदावर ४,०९६ शक्यता. मोहिमेचे नियम त्यातल्या काही छाटतात (किमान दोघे जगले नाहीत तर शेपर्ड, म्हणजे खेळाडूचं पात्रही, वाचत नाही), तरी उरतात त्या भरपूर. दुसऱ्या भागासाठी ही रचना झकास होती: साथीदाराची खासगी मोहीम पूर्ण करून त्याची निष्ठा मिळवा, योग्य कामावर योग्य माणूस पाठवा, नाहीतर तो मरेल. पात्रलेखन आणि डावपेच एकाच दोरीत ओवलेले. बिल आलं ते तिसऱ्या भागात.

जो मेलेला असू शकतो त्याच्यावर कथेचा खांब उभारता येत नाही. म्हणून मिरांडा, जॅक, जेकब, समारा, ग्रंट ही दुसऱ्या भागात जिवापाड जपलेली माणसं तिसऱ्यात एकेका मोहिमेपुरती पाहुणी म्हणून येतात आणि जातात. लिआरा मात्र दुसऱ्या भागाच्या त्या मोहिमेत नव्हती, म्हणजे ती मरणं शक्य नव्हतं. तिसऱ्या भागात तीच केंद्राजवळ आहे. यात तिच्या लोकप्रियतेपेक्षा हिशेबाचा भाग मोठा, असा माझा कयास आहे. ॲशली आणि कायडन यांचंही तेच. पहिल्या भागात विरमायर ग्रहावर दोघांपैकी एक मरतो. उरलेला कोण हे माहीत नसल्यामुळे दुसऱ्या भागात दोघांनाही चालेल अशी एक छोटी भेट लिहिली, होरायझनवरची. दोघांना चालणारा संवाद म्हणजे दोघांपैकी कोणाचाच नसलेला संवाद.

कमी पैशांत निभावलेल्या निवडी तर सहज दिसतात. पहिल्या भागात अँडरसनला कौन्सिलवर बसवा, तिसऱ्यात खुर्चीत दुसरा पर्याय, उडीनाच, आहे. रॅकनाय राणीला मारा, रीपर (मालिकेतले मुख्य शत्रू) तिची नक्कल बनवतात आणि मोहीम तीच राहते. पात्राला आठवतं, जगाला आठवत नाही. हे तोंडदेखलं आहे आणि खेळाडूला ते दुसऱ्यांदा खेळताना हमखास कळतं.

आणि याच गेममध्ये, याच खर्चात, टुचंका या ग्रहावरची मोहीम आहे. मालिकेतलं सगळ्यात चांगलं लेखन माझ्या मते हेच, म्हणून जरा सविस्तर.

टुचंका हा क्रोगन जमातीचा ग्रह. सॅलेरियनांनी बनवलेला जेनोफेज ट्युरियनांनी त्यांच्यावर सोडला आणि त्यांच्यात जिवंत मुलं जन्मणं दुर्मीळ झालं. पहिल्या भागात रेक्स नावाचा क्रोगन साथीदार उपचाराची आशा जळताना पाहून विरमायरवर बंदूक उपसतो. त्याला समजावण्याइतकं बोलण्याचं कौशल्य तुमच्याकडे असलं, किंवा त्याच्या घराण्याचं चिलखत तुम्ही आधी शोधून आणलेलं असलं, तरच तो शांत होतो. नाहीतर मरतो. दुसऱ्या भागात मॉर्डिन सोलस भेटतो, जेनोफेज नव्याने घट्ट करणाऱ्या पथकातला शास्त्रज्ञ. तो आपल्या कामाचं समर्थन भराभर, आकडेवारीच्या सुरात करत राहतो. त्याच्या निष्ठेच्या मोहिमेत त्याचाच शिष्य मेलन भेटतो, जो उपचार शोधायला क्रोगन बायकांवर भयानक प्रयोग करून बसला आहे. मेलनची माहिती ठेवायची की नष्ट करायची, निवड आपली. तिसऱ्या भागात मॉर्डिन उपचार करायला निघतो.

तीन भागांत फक्त तीन गोष्टी नोंदवलेल्या आहेत: रेक्स जिवंत आहे का, मॉर्डिन जिवंत आहे का, मेलनची माहिती ठेवली का. फक्त तीन. पण तिन्ही एकाच जागी येऊन भिडतात. रेक्स नसेल तर त्याचा भाऊ रीव्ह जमातीचा म्होरक्या होतो, आणि तो आडदांड, सूडाचा भुकेला आहे. माहिती नष्ट केली असेल तर ईव्ह, म्हणजे जमातीला शहाणपण देऊ शकणारी ती एक क्रोगन बाई, वाचत नाही. सॅलेरियन नेत्री तुम्हाला गुपचूप सांगते: उपचार निकामी कर, फौज देते. आता रेक्स आणि ईव्ह असताना हा विश्वासघात म्हणजे नीचपणा. रीव्ह असताना आणि ईव्ह नसताना तोच विश्वासघात समंजसपणाच्या जवळ जातो, आणि फक्त त्याच स्थितीत मॉर्डिनला उपचार हवेत सोडणाऱ्या मनोऱ्यावर चढण्यापासून परावृत्त करता येतं. तो जगतो. एरवी तो वर जातो, दुसऱ्या भागात विनोदासाठी म्हटलेलं गाणं गुणगुणत, आणि परत येत नाही. फसवून रेक्सकडून मदत घेतलीत तर त्याला पुढे कळतं आणि तो सिटाडेलवर जाब विचारायला येतो.

यात शिकण्यासारखं बरंच आहे, पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो पर्यायी पात्रांचा दर्जा. मॉर्डिन दुसऱ्या भागातच मेला असेल तर त्याच्या जागी पॅडोक विक्स येतो. तो मॉर्डिनची नक्कल नाही. मॉर्डिन अपराधीपणातून उपचार करतो, पॅडोकला वाटतं निसर्गाच्या वाटेत कोणी उभं राहू नये. काम तेच, कारण निराळं, म्हणून संवाद निराळे. बदली पात्र लिहिताना त्याला मूळ पात्राची वाक्यं पुसट करून दिली की तो उमेदवारासारखा दिसतो. स्वतःचं कारण दिलं की माणूस होतो.

याच्या अगदी उलट उदाहरण टेलटेल या स्टुडिओचं. 'द वॉकिंग डेड'च्या दुसऱ्या सीझनचा शेवट खेळाडू निवडतो: नायिका क्लेमेंटाइन केनीबरोबर जाते, जेनबरोबर जाते, वेलिंग्टनमध्ये राहते किंवा एकटी निघते. चांगले शेवट होते ते. तिसऱ्या सीझनने (२०१६) क्लेमेंटाइनला दुय्यम केलं, नायक म्हणून हावी आणला, आणि जुने शेवट काही मिनिटांच्या आठवणींत मिटवून टाकले. केनी गाडीच्या अपघातानंतर मरतो, जेन गळफास घेते. पहिले पाढे पंचावन्न. फांद्या छाटायला हरकत नसते, छाटाव्याच लागतात. पण छाटताना निदान एका प्रसंगाभर तरी त्या निवडीने क्लेमेंटाइनचा स्वभाव कसा घडला ते दिसायला हवं होतं. केनीने वाढवलेली आणि एकटी वाढलेली मुलगी सारखं कसं बोलेल?

शेवटच्या सीझनने (२०१८–१९) चूक बऱ्यापैकी निस्तरली, आणि तीही जुन्या फांद्यांना हात न लावता. पहिल्या सीझनमध्ये ली छोट्या क्लेमेंटाइनला जगायला शिकवतो. शेवटच्यात क्लेमेंटाइन एजे या लहान मुलाला शिकवते, आणि तुम्ही जे बोलता ते एजे उचलतो. पहिल्या सीझनचा शेवट: चावा बसलेला ली, समोर छोटी मुलगी, हातात पिस्तूल. शेवटच्याचा: चावा बसलेली क्लेमेंटाइन, समोर एजे, हातात कुऱ्हाड. पडदा काळा होतो, आपण धरून चालतो की गेली. नंतर कळतं, एजेने तिचा पाय तोडून तिला वाचवलं. टेलटेल बंद पडल्यामुळे या सीझनचा उत्तरार्ध स्कायबाउंडकडून पूर्ण झाला, तरी हा प्रसंग फसला नाही, कारण तो सेव्ह फाइलवर उभा नव्हता, आकृतीवर उभा होता.

'विचर ३'ने (२०१५) तर हिशेब केशकर्तनाला बसवून मागितला. जुनी सेव्ह फाइल नसेल तर विझिमाच्या राजवाड्यात नायक गेराल्टची दाढी होत असताना मॉर्व्हरान वूरहिस त्याला 'विचर २'मधल्या घटना विचारतो, आणि उत्तरं म्हणजे तुमच्या निवडी. मेनूतला फॉर्म भरून घेण्यापेक्षा कितीतरी सुबक. लेथो जिवंत ठेवला असेल तर तो भेटतो आणि पुढे काएर मोरहेनच्या लढाईलाही येऊ शकतो. पण योर्वेथ, ज्याच्या बाजूने गेलं तर 'विचर २'चा मधला अख्खा भाग बदलायचा, तो तिसऱ्या भागात येतच नाही. ज्या फांदीवर एवढं खर्च केलं तिचं नावनिशाण नाही. मला अजूनही खुपतं.

स्वतः काही लिहीत असाल, छोटा का होईना, तर कामाला येणारी एक पद्धत सांगतो. पहिला भाग संपला की मुख्य पाच-सहा पात्रांसाठी एकेक पान घ्या आणि त्यावर कथा अजिबात लिहू नका. लिहायचं ते एवढंच: हा आता कोणती गोष्ट पुन्हा कधीच करणार नाही? पहिल्या भागात पैशासाठी काम करणारा माणूस शेवटी पैसे नाकारत असेल, तर दुसऱ्या भागाच्या पहिल्या मोहिमेत तो मोबदल्यावर घासाघीस करता कामा नये. हे हास्यास्पद वाटेल, पण नेमकी हीच चूक सर्वाधिक होते, कारण पहिल्या मोहिमा शिकवणीसाठी असतात आणि त्या लिहिणाऱ्याला फक्त उडी, हल्ला, ढाल हे शिकवायचं असतं. पात्राचं पान त्याच्या टेबलावर नसतं.

मग निवडींची यादी करा आणि प्रत्येकीपुढे खर्च लिहा. काही निवडी एका वाक्यात फिटतात: कोणीतरी आठवण काढतो, बस. काहींना जागेवर दुसरा माणूस उभा करावा लागतो, म्हणजे नवा आवाज, नवं मॉडेल, नवी वाक्यं. काहींना अख्खी मोहीम लागते. छोट्या चमूला तिसऱ्या प्रकारची एक परवडते, कधीकधी दोन. त्या एकीत जुन्या दोन-तीन निवडी एकत्र गुंफा, टुचंकासारख्या, म्हणजे एकाच मोहिमेतून अनेक चेहरे निघतात. बाकीच्या वाक्यांवर भागवा, पण ती वाक्यं योग्य माणसाच्या तोंडी द्या. अनोळखी दुकानदाराने आठवण काढली तर ती जाहिरात वाटते. ज्याचं नुकसान झालं त्याने काढली तर लागते.

आणि चाचणी घेताना तीन फाइली खेळून बघा: सगळं भलं केलेली, सगळं वाईट केलेली, आणि जुनी सेव्ह नसलेली. तिसरीत सगळ्यात जास्त चुका सापडतात. तिथे कोणत्या निवडी गृहीत धरायच्या ते बहुधा शेवटच्या आठवड्यात घाईत ठरतं. 'मास इफेक्ट २' सेव्हशिवाय सुरू केलं तर रेक्स मेलेला असतो. नव्या खेळाडूला आपण काय गमावलं याचा पत्ताही नसतो.

मागच्या काळातली कथा सांगणाऱ्या भागांचं गणित आणखी निराळं. 'रेड डेड रिडेम्प्शन २' (२०१८) घडतो १८९९ मध्ये, पहिला गेम (२०१०) घडतो १९११ मध्ये. म्हणजे पहिल्या गेमचा नायक जॉन मार्स्टन आणि त्यातले डच, बिल, हावियर मरू शकत नाहीत, आणि पहिल्या गेममध्ये या गेमच्या नायकाचं, आर्थर मॉर्गनचं, नावही कोणी घेत नाही. लेखकांना शेवट आधीच बांधून मिळाला होता: हा माणूस जाणार. त्यांनी तो गेला कसा हे रहस्य करण्याच्या फंदात न पडता जाण्याचं कारण दुसऱ्याच प्रकरणात, एका किरकोळ वाटणाऱ्या मोहिमेत पेरलं. कर्जवसुलीसाठी आर्थर थॉमस डाउन्स नावाच्या आजारी माणसाला बडवतो, तो आर्थरच्या तोंडावर खोकतो. क्षयाचं निदान खूप पुढे, सहाव्या प्रकरणात होतं. ती मारहाण टाळता येत नाही. खेळाडूला प्रतिष्ठेचा काटा वर-खाली करता येतो, कोणाला वाचवायचं ते ठरवता येतं, पण हा एक ठोसा त्याला मारावाच लागतो. बाकी सगळं स्वातंत्र्य या एका सक्तीच्या भोवती फिरतं.

उपसंहार १९०७ चा, आणि हातात जॉन. आर्थरची टोपी आणि झोळी आता त्याच्याकडे आहे. एवढे तास नद्या पोहून पार केल्यावर खेळाडू सवयीने जॉनला पाण्यात घालतो आणि जॉन बुडतो. २०१० च्या गेममध्ये जॉनला पोहता येत नव्हतं, खोल पाण्यात गेला की मरायचा. आठ वर्षांनी पोहण्याची सगळी यंत्रणा तयार होती, आर्थरसाठी बनवलेली. ती जॉनला द्यायला काहीच लागलं नसतं. गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने ती त्याला दिली नाही.